केटामिन ग्लुटामेटचा रिसेप्टर बंद करतं, मग रॅटच्या मेंदूत ग्लुटामेट वाढतं कसं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. मी एमफार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फार्माकॉलॉजी, आणि गेले चार दिवस एकाच गोष्टीवर अडकलेय म्हणून इथे विचारतेय. कुणाला माहिती असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा.

माझा थिसिस केटामिन या भुलीच्या औषधावर आहे. झोप लागणार नाही एवढ्या कमी डोसमध्ये दिलं तर रॅटच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या अगदी पुढच्या भागात, ग्लुटामेट आणि डोपामिन या पेशींमधले निरोप पोचवणाऱ्या रसायनांचं काय होतं ते मायक्रोडायलिसिसने, म्हणजे मेंदूत पडदा असलेली बारीक नळी (प्रोब) घालून पेशींबाहेरचं रसायन गोळा करून, बघायचं. आमच्याकडे सेटअप नाही म्हणून दुसऱ्या संस्थेत जाऊन केलं, तिथल्या सीनियर ताईंनी सर्जरीपासून सगळं हाताला धरून शिकवलं. रॅटचं डोकं फ्रेममध्ये बसवायचं, कवटीवरचे सांधे दिसेपर्यंत साफ करायचं, तिथून मिलिमीटर मोजून बारीक भोक पाडायचं, कॅन्युला म्हणजे बारीक नळी आत सोडायची, वरून डेंटल सिमेंट. पहिल्या रॅटच्या वेळी माझे हात एवढे थरथरत होते की ताईंनी ड्रिल काढून घेतला आणि म्हणाल्या आधी चहा पिऊन ये.

आता मुद्दा. कॉलेजात आपण काय शिकलो, की केटामिन एनएमडीए रिसेप्टर ब्लॉक करतं. एनएमडीए म्हणजे ग्लुटामेटचा रिसेप्टर, पेशीवरची ग्लुटामेट ओळखणारी जागा. ग्लुटामेट मेंदूला चेतवणारं. म्हणजे केटामिन दिलं की ग्लुटामेटचं काम थंडावणार, एवढं सरळ गणित धरून मी गेले. आणि ३० मिलिग्रॅम पर किलो दिल्यावर आलं भलतंच, ग्लुटामेट बेसलाइनच्या, म्हणजे औषधाआधीच्या पातळीच्या, वर गेलं, डोपामिनही वर गेलं. पूर्ण भुलीचा डोस दिला तेव्हा मात्र ग्लुटामेट खाली. म्हणजे एकच औषध, एकच जागा, आणि डोस बदलला की बाण उलटा.

सेमिनारला दाखवलं तर समोरच्या एका सरांनी सगळ्यांदेखत विचारलं की लेबलं उलटी लागली नाहीत ना. मी रात्री बसून वही आणि नळ्या तीनदा ताडून पाहिल्या, लेबलं बरोबर आहेत. पण त्यांना उत्तर देता आलं नाही याचं फार वाईट वाटतंय.

अजून एक सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. कमी डोस दिलेला रॅट झोपत नाही. तो डोकं डावीकडे उजवीकडे एका लयीत हलवत राहतो, मागचे पाय फरशीवर घसरल्यासारखे फाकतात, आणि तसाच पडत धडपडत पिंजऱ्यात गोल गोल फिरतो. मी मध्येच बोट पुढे केलं तर वासही घेतला नाही, एरवी हाच रॅट मी झाकण उघडलं की हाताशी यायचा. भुलीच्या औषधाने हा जास्तच जागा झाल्यासारखा वाटत होता, पण समोरचं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तर माझे प्रश्न म्हणजे ब्लॉक केल्यावर वाढ का, डोस वाढवला की उलट का, आणि डोपामिन यात कुठून आलं.

माळरान:

रानजाई, लेबलं उलटी लागलेली नाहीत, हे आधी डोक्यातून काढून टाक. तुझा निकाल बरोबर आहे आणि तो पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वीच दुसऱ्यांनाही मिळालेला आहे. १९९७ साली बिटा मोघद्दम आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं, जाग्या रॅटमध्ये, प्रीफ्रंटलमध्ये प्रोब घालून. १०, २० आणि ३० मिलिग्रॅम पर किलोला ग्लुटामेट वाढलं, ५० ला काहीच फरक नाही, आणि २०० ला, जो भुलीचा डोस आहे, कमी झालं. तो पेपर प्रिंट काढून थिसिसच्या फाइलमध्ये पहिल्या पानाला लाव आणि त्या सरांना नम्रपणे दाखव.

आता का. तुझ्या गणितात एक पायरी गाळलीये. केटामिन ग्लुटामेट बंद करत नाही, ग्लुटामेट ऐकणाऱ्या अनेक कानांपैकी एक कान बंद करतं. ग्लुटामेटला एनएमडीए आहे, अ‍ॅम्पा आहे, कायनेट आहे, शिवाय एमग्लू नावाची एक वेगळीच फॅमिली आहे. एनएमडीए बंद झाला तरी बाकीचे उघडेच, आणि ग्लुटामेट सोडणारी पेशी तर अजून शाबूत आहे.

आणि मुख्य प्रश्न असा की हा कान कुणाचा बंद झाला? एनएमडीए जवळजवळ सगळ्या न्यूरॉन्सवर असतो. पण तो चॅनल मोठा विचित्र आहे. पेशी शांत असताना त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. ग्लुटामेट आलं, सोबत ग्लायसिन आलं, आणि पेशी आधीच थोडी चेतलेली असली तरच बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. केटामिन आणि त्याच्यासारखीच पीसीपी, एमके-८०१ ही तिन्ही औषधं त्या उघड्या तोंडातून आत शिरून मध्येच अडकतात. दार उघडलं नाही तर आत शिरता येत नाही. म्हणजे जी पेशी जास्त चालू, जिचं दार जास्त वेळा उघडतं, तिच्यात औषध आधी अडकणार.

कॉर्टेक्समध्ये सतत फटाफट चालू असणाऱ्या पेशी कोणत्या? गाबा हे पेशींना शांत करणारं रसायन सोडणारे इंटरन्यूरॉन. त्यांचं काम काय, तर ग्लुटामेट सोडणाऱ्या मोठ्या पिरॅमिडल पेशींना आवरून धरायचं. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे म्हणून मला हे असं दिसतं, की पिरॅमिडल पेशी बैल आणि इंटरन्यूरॉन म्हणजे कासरा धरलेला माणूस. कमी डोसचं केटामिन बैलाला काही करत नाही, कासरा धरलेल्या माणसाला पेंग आणतं. कासरा सुटला की बैल उधळले, आणि तुझ्या प्रोबमध्ये जे वाढलेलं ग्लुटामेट दिसलं ते उधळलेल्या बैलांचं. डोस खूप वाढवला की मग बैलाच्याही पायातलं बळ जातं, सगळंच बसतं, ग्लुटामेट खाली. तुझा उलटा बाण तो हाच, असं बहुतेक लोक मानतात.

हे नुसतं कल्पनेतलं नाहीये. २००७ साली होमायून आणि मोघद्दम यांनी जाग्या रॅटच्या प्रीफ्रंटलमध्ये तारा बसवून एकेका पेशीचं फायरिंग मोजलं आणि एमके-८०१ दिलं. आधी इंटरन्यूरॉनसारख्या वाटणाऱ्या पेशींचं फायरिंग पडलं, आणि जरा उशिराने बहुतेक पिरॅमिडल पेशींचं वाढलं. हा उशीर मला फार महत्त्वाचा वाटतो, आधी कासरा ढिला आणि मग बैल, क्रम बरोबर तोच.

डोपामिनचं उत्तर १९९७ च्याच पेपरात आहे. त्यांनी प्रीफ्रंटलमध्ये प्रोबमधूनच सीएनक्यूएक्स सोडलं, जे अ‍ॅम्पा आणि कायनेट रिसेप्टर बंद करतं, आणि केटामिनने होणारी डोपामिनची वाढ थांबली. म्हणजे केटामिनमुळे ग्लुटामेट सुटलं, ते जाऊन अ‍ॅम्पावर बसलं, आणि त्यातून डोपामिन वाढलं. आणि नुसते आकडे नाही, रॅटला एकदा डावीकडे एकदा उजवीकडे जायचं लक्षात ठेवायचा जो खेळ असतो तो केटामिनने बिघडायचा, तोही अ‍ॅम्पाचा ब्लॉकर आधी दिला तर बऱ्यापैकी सुधारला. म्हणजे तुझा रॅट बोटाचा वास घेत नव्हता त्याचं कारण मेंदू शांत झाला हे नसून मेंदूत भलताच गलका सुरू होता हे आहे, असं मला तरी वाटतं.

एक गोष्ट मात्र लिहिताना जपून लिही. केटामिन इंजेक्शनने सगळ्या शरीरात न देता थेट प्रीफ्रंटलमध्येच सोडलं तर ग्लुटामेटची तशी वाढ दिसत नाही, असे प्रयोग झालेत. म्हणजे कासरा सुटतो तो कदाचित तिथे नाही, लांब कुठेतरी. रॅटमध्येच पीसीपीवर काम झालंय ज्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या दुसऱ्या भागाच्या खालच्या बाजूतून प्रीफ्रंटलकडे येणारा रस्ता यात गुंतलेला दिसला. तेव्हा थिसिसमध्ये प्रीफ्रंटलच्या इंटरन्यूरॉनवर सगळा भार टाकू नकोस, एक्सटर्नल परीक्षक जाणकार असेल तर तिथेच पकडेल.

भूलवाला:

रानजाई, मी तालुक्याच्या गावी भूल देतो, रॅटचं काही कळत नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. कारण माणसात मी हेच रोज बघतो.

केटामिन दिलेला पेशंट बाकीच्या भुलीसारखा झोपत नाही. डोळे उघडे असतात, बुबुळं हळूहळू एका बाजूला सरकतात आणि झटक्याने परत येतात, श्वास चालू, बीपी उलट वाढलेलं, आणि तरीही हाड बसवलं तरी त्याला कळत नाही. म्हणून तर याला डिसोसिएटिव्ह म्हणतात. हा शब्द आला त्याची गोष्टही चांगली आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डोमिनो आणि ग्युंटर कॉर्सन यांनी माणसांवर पहिल्यांदा केटामिन दिलं, लोक सांगायचे की आम्ही तरंगत होतो, हातापायांची जाणीवच नव्हती. डोमिनोंनी घरी बायकोला हे सांगितलं आणि तिने हा शब्द सुचवला, म्हणजे पेशंट जगापासून तुटलेला. केटामिन बनवलं होतं १९६२ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीसाठी केल्विन स्टीव्हन्स यांनी, आणि बनवण्याचं कारणच असं की त्याआधीचं पीसीपी फार त्रासदायक निघालं होतं. पीसीपीमधून उठणारे पेशंट तासन्‌तास भ्रमात असायचे, शेवटी १९६५ मध्ये माणसांसाठीचा वापर थांबवावा लागला.

केटामिनमधून उठतानाही भास होतातच, कमी असतात आणि थोडा वेळ असतात एवढंच. गेल्या उन्हाळ्यात आंब्यावरून पडलेला एक मुलगा आणला होता, मनगट वाकडं झालेलं. हाड बसवून झालं, मुलगा उठायला लागला आणि एकदम शांतपणे म्हणाला की डॉक्टरकाका माझा हात तिकडे टेबलावर राहिलाय तो द्या ना. आई रडायलाच लागली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आत्ता त्याचा मेंदू आणि शरीर यांची गाठ सुटलीये, अर्ध्या तासात परत बसेल, आणि बसलीच. तेव्हापासून मी नातेवाइकांना आधीच सांगून ठेवतो, शक्य असेल तर सोबत मिडाझोलाम हे शांत करणारं औषध देतो आणि उठताना खोलीत आवाज होऊ देत नाही.

माळरान म्हणतात ते कासऱ्याचं मला पटलं, कारण भुलीची बाकीची बरीचशी औषधं गाबाचा जोर वाढवतात, प्रोपोफोल घ्या किंवा थायोपेंटोन घ्या, म्हणजे कासरा घट्ट करतात. केटामिन उलट्या दिशेने जाऊन त्याच मुक्कामाला पोचतं. इतकी वर्षं देतोय पण हे असं शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

एक सावधगिरीची सूचना, रॅटचे मिलिग्रॅम पर किलो आणि माणसाचे एकाला एक लावू नका. माणसाला शिरेतून १ ते २ मिलिग्रॅम पर किलोला पूर्ण भूल येते. रॅट औषध फार पटकन जिरवतो आणि तुम्ही पोटात इंजेक्शन देता, म्हणून तिथले आकडे एवढे मोठे दिसतात.

काजवा:

मायक्रोडायलिसिस मी पाच वर्षं केलंय, त्यामुळे थिअरी माळरानवर सोडते आणि तुझ्या व्हायवाला काय काय विचारतील ते सांगते. रानजाई, यातल्या एकेका गोष्टीने मला रडवलंय म्हणून मनापासून सांगतेय.

पहिली आणि सगळ्यात मोठी. सर्जरीला भूल कशाची दिलीस? आपल्याकडे रॅटला सर्रास केटामिन-झायलाझिनचं मिश्रण देतात, स्वस्त आणि सवयीचं. पण तुझा अभ्यासच केटामिनचा आहे ना! मग प्रयोगाच्या आधीच त्या रॅटच्या मेंदूने केटामिन चाखलेलं असणार, आणि केटामिनच्या एका डोसचा असर प्रीफ्रंटलवर औषध रक्तातून गेल्यावरही दिवसभराच्या वर राहतो. आयसोफ्लुरेन या हुंगवायच्या भुलीवर केली असेल तर छान, ते मेथड्समध्ये ठळक लिही. मिश्रणच वापरलं असेल तर सर्जरी आणि प्रयोग यात किती दिवसांचं अंतर होतं ते प्रामाणिकपणे लिही, आणि सलाइन दिलेल्या रॅटनाही तीच भूल होती हेही लिही, म्हणजे तुलना तरी टिकते.

दुसरी गोष्ट ग्लुटामेट मोजण्याची. तू ओपीए हे रसायन वापरलं असणार, ते ग्लुटामेटसारख्या अमिनो आम्लाला चिकटलं की चमकतं आणि एचपीएलसी या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या मशीनचा डिटेक्टर ती चमक वाचतो. पण ती जोडी टिकाऊ नसते, मिनिटामिनिटाला फिकी होते. मी सुरुवातीला मिसळून मग निवांत इंजेक्ट करायचे आणि सकाळच्या सॅम्पलमध्ये ग्लुटामेट जास्त, दुपारच्यात कमी, असं छान दिसायचं. औषधाचा असर समजून मी आनंदाने उड्या मारत होते, आणि निघालं काय तर सकाळी माझा हात जलद चालायचा आणि दुपारी जेवून सुस्त. मग स्टॉपवॉच गळ्यात अडकवून प्रत्येक सॅम्पल मिसळल्यापासून अगदी मोजून तेवढ्याच सेकंदांनी आत सोडायला लागले आणि तो सुंदर असर गायब झाला. तू कसं केलंस ते बघ. (ओपीएसोबत लागणाऱ्या मरकॅप्टोइथेनॉलचा तो सडक्या अंड्यासारखा वास केसात बसायचा, बसमध्ये शेजारी कुणी बसायचं नाही, ते वेगळंच.)

तिसरी, आणि ही माहिती असणारा एक्सटर्नल हमखास विचारतो. प्रोबमध्ये येणारं ग्लुटामेट हे पेशी पेशीशी बोलताना सोडतात तेच कशावरून? डोपामिनचं बरं असतं, टेट्रोडोटॉक्सिन सोडून न्यूरॉनचं फायरिंग बंद केलं की प्रोबमधलं डोपामिन धाडकन पडतं, म्हणजे ते खरंच न्यूरॉनने सोडलेलं होतं. ग्लुटामेटची बेसलाइन तशी पडत नाही. कारण त्यातलं बरंचसं सिनॅप्सबाहेरचं, म्हणजे दोन न्यूरॉनच्या सांध्याबाहेरचं असतं, ग्लियासारख्या न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी सिस्टिन आत घेताना बदल्यात ग्लुटामेट बाहेर टाकतात, त्यातलं. सिनॅप्समध्ये सुटलेलं ग्लुटामेट तर शेजारचे ट्रान्सपोर्टर क्षणात उचलून नेतात, तुझ्या पडद्यापर्यंत पोचतं ते सांडलेलं. त्यात तू दर २० मिनिटांचं एक सॅम्पल घेणार आणि पेशी बोलतात मिलिसेकंदात. बाजार उठल्यावर मैदानात काय सांडलंय ते बघून आत बाजार कसा भरला होता सांगण्यासारखं आहे हे, सांगता येतं, पण जपून. म्हणून थिसिसमध्ये ग्लुटामेट रिलीज वाढला असं लिहू नकोस, पेशीबाहेरच्या ग्लुटामेटची पातळी वाढली असं लिही. जमलं तर दोन-तीन रॅटमध्ये प्रोबमधून टेट्रोडोटॉक्सिन सोडून मग केटामिन दे, वाढ गेली तर ती फायरिंगचीच होती असं छातीठोक म्हणता येईल. अर्थात त्यासाठी प्राणी नीतिमत्ता समितीकडे वेगळी परवानगी लागेल, ती आधी.

चौथी, मेंदूचे काप कापून प्रोबची जागा बघितलीस का? अर्धा मिलिमीटर सरकली तरी तू दुसऱ्याच भागातलं पाणी मोजत असतेस. जागा चुकलेले रॅट मनावर दगड ठेवून बाद करायचे, आकडे कितीही गोड असले तरी.

साबूदाणा:

मी या क्षेत्रातली नाही, बँकेत आहे. माझ्या धाकट्या भावाला डिप्रेशनसाठी डॉक्टरांनी केटामिनबद्दल विचारलंय, कारण दोन-तीन गोळ्या लागू पडल्या नाहीत. वर वाचून घाबरले, की हे औषध मेंदूत बैल उधळवतं, मग आजार बरा कसा करतं? कुणीतरी साध्या शब्दात सांगाल का. आई रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

माळरान:

साबूदाणाताई, घाबरू नका, माझ्या कासऱ्याच्या गोष्टीने तुम्हाला भीती वाटली याचं वाईट वाटलं. थोडं सांगतो, बाकी निर्णय डॉक्टरांबरोबर बसूनच घ्या.

माणसात डिप्रेशनसाठी जो डोस देतात तो भुलीच्या डोसपेक्षा बराच कमी असतो, ०.५ मिलिग्रॅम पर किलो, आणि तो एकदम न देता ४० मिनिटांत हळूहळू शिरेतून सोडतात. पहिला छोटा अभ्यास २००० साली आला, फक्त सात पेशंटचा, पण त्यात मूड काही तासांत सुधारताना दिसला, जिथे नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात. म्हणून सगळं जग त्याच्या मागे लागलं.

हे घडतं कसं, याचा एक धागा परत रॅटमध्येच सापडला. २०१० साली येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ड्यूमन यांच्या गटाने रॅटला १० मिलिग्रॅम पर किलो एकदाच दिलं आणि दुसऱ्या दिवशी प्रीफ्रंटलमधल्या न्यूरॉनवर बघितलं, तर सिनॅप्सची नवी टोकं, ज्यांना स्पाइन म्हणतात, वाढलेली होती. पेशीच्या आतला एमटॉर नावाचा मार्ग चालू होऊन हे होतं, रॅपामायसिनने तो मार्ग अडवला की असर जातो, आणि अ‍ॅम्पा अडवलं तरीही जातो. म्हणजे तो थोड्या वेळाचा ग्लुटामेटचा लोंढा पेशीला नवे सांधे बांधायला लावतो असं चित्र उभं राहतं. दीर्घ ताणात वाळलेल्या फांद्यांना पालवी फुटावी तसं. आणि डोसची गोष्ट इथेही तीच, भुलीचा मोठा डोस दिला तर हा मार्ग चालू झालाच नाही.

हे एकमेव उत्तर आहे असं मात्र कुणी म्हणत नाही. २०१८ साली चीनमधल्या हायलान हू यांच्या गटाने जन्मतः खचलेल्या स्वभावाच्या रॅटच्या जातीत लॅटरल हॅबेन्युला हा मेंदूच्या खोलातला छोटा भाग तपासला. तिथल्या पेशी झुंडीने फायर होत होत्या, त्या फायरिंगला एनएमडीए लागतो, आणि केटामिनने ती झुंड शांत झाली. म्हणजे इथे कासरा वगैरे काही नाही, सरळ ब्लॉक. मेंदूच्या एका भागात औषध गलका वाढवतं, दुसऱ्या भागात कमी करतं, आणि पेशंटला बरं वाटतं ते कदाचित दोन्ही मिळून.

तुम्ही डॉक्टरांना एवढं नक्की विचारा की औषध देताना बीपी बघायची आणि नंतर दोन-तीन तास बसवून ठेवायची सोय आहे का, किती वेळा द्यावं लागेल, आणि घरात कुणाला भ्रम, संशय, आवाज ऐकू येणं असा आजार होता का हे त्यांना स्वतःहून सांगा. कुणी सोयीसाठी घरी आणून द्या म्हटलं तर अजिबात नको. वारंवार घेतलं तर याची सवय लागते आणि लघवीच्या पिशवीला इजा होते.

भूलवाला:

माळरान यांनी सांगितलं त्याला दुजोरा. ताई, सोबत जाणारं माणूस ठेवा, त्या दिवशी भावाने गाडी चालवायची नाही. आणि मधल्या अर्ध्या तासात तो काहीतरी विचित्र बोलला तर घाबरून त्याला हलवू नका, नुसतं हात धरून बसा.

काजवा:

रानजाई, अजून एक आठवलं, तुझ्या चर्चेच्या प्रकरणात नक्की घाल. १९९८ मध्ये मोघद्दम आणि अ‍ॅडम्स यांनी रॅटला पीसीपीच्या आधी एलवाय ३५४७४० दिलं. ते एमग्लू २ आणि ३ या रिसेप्टरना चालू करतं, आणि हे दोन रिसेप्टर म्हणजे ग्लुटामेट सोडणाऱ्या टोकावरचा घरचा ब्रेक. ग्लुटामेटची वाढ थांबली, रॅटची स्मरणशक्ती सुधारली, ते डोकं हलवणं, भटकणं कमी झालं, आणि गंमत म्हणजे डोपामिन वाढलेलंच राहिलं. म्हणजे तुझ्या रॅटचं ते गोल फिरणं नुसतं डोपामिनच्या माथी मारता येत नाही. पीसीपी दिलेला रॅट स्किझोफ्रेनियाचा नमुना म्हणून वापरतात आणि तोपर्यंत त्या आजाराचं बरंचसं खापर डोपामिनवर फुटत होतं, त्यामुळे या पेपरने लोक खडबडून जागे झाले.

पण पुढचंही लिही. त्याच जातीचं औषध एलाय लिलीने स्किझोफ्रेनियासाठी माणसात आणलं, २००७ मध्ये पहिला निकाल फार आशादायक आला, आणि नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये ते चाललं नाही, २०१२ मध्ये कंपनीने काम थांबवलं. रॅटमध्ये पीसीपीने उठवलेला गलका आणि माणसाला वर्षानुवर्षं असलेला आजार या दोन गोष्टी एक नाहीत. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, आमच्या लॅबमध्ये सगळे त्या औषधाकडे डोळे लावून बसले होते.

रानजाई:

मला काय बोलावं कळत नाहीये, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. माळरानदादा, १९९७ चा पेपर मिळाला, आमचे आकडे त्याच दिशेने आहेत, फक्त ५० चा डोस मी केला नव्हता. काजवाताई, सर्जरी आयसोफ्लुरेनवरच झाली होती, त्या सीनियर ताईंचाच आग्रह होता आणि मी तेव्हा मनात म्हटलं होतं की एवढा खटाटोप कशाला. आज त्यांना फोन करून थँक्यू म्हटलं. ओपीएचं मात्र मशीनच मिसळून घेत होतं, ऑटोसॅम्पलर, म्हणजे वेळ सारखीच असणार, तरी प्रोग्राम उघडून बघते.

काप बघितले. एका रॅटची प्रोब खाली घसरून भलत्याच ठिकाणी गेलीये. सगळ्यात सुंदर ग्राफ त्याचाच होता. बाद केला.

टेट्रोडोटॉक्सिनसाठी समितीचा फॉर्म भरायला घेतलाय, गाईडना दाखवला, ते म्हणाले दोन महिने लागतील पण भर. साबूदाणाताई, तुमच्या भावाचं काय ठरतं ते इथे कळवा.